तीन सेकंदांत पास

मी एक जुनी टेस्ट स्क्रिप्ट आहे, आणि आज मी फार चिडलेली आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा सोशिक असतात. जुनी छत्री, मोडकी खुर्ची, गंजलेली सायकल, सगळ्या हळू आवाजात बोलतात आणि शेवटी डोळे पुसतात. मला ते जमणार नाही. सोळा महिने माझ्या तोंडात बोळा कोंबून ठेवला होता. तो निघाल्यावर पहिला शब्द गोड कसा निघेल?

आधी माझं काम सांगते. संगणकाचा प्रोग्राम चुकला, की तो कुठं चुकला हे शोधायला डीबगर नावाचा दुसरा प्रोग्राम वापरतात. डीबगर चालत्या प्रोग्रामला मध्येच थांबवतो, त्याच्या आत डोकावतो आणि सांगतो, की हा आत्ता या ओळीवर उभा आहे आणि याच्याजवळ अमुक आकडा आहे. लोक त्याच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. पण डीबगरच चुकीचं सांगू लागला तर? म्हणून त्याची रोज परीक्षा घ्यावी लागते. ती परीक्षा मी घेते. उत्तरं मला आधीच ठाऊक असतात. मी विचारते, त्याचं उत्तर माझ्या उत्तराशी ताडून बघते, आणि पास की नापास ते सांगते.

मलेशियातल्या पेनांग बेटावर, बायन लेपासला, डीबगर बनवून विकणाऱ्या एका कंपनीच्या चारमजली इमारतीत अकरा वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. च्यू सिओक हून नावाच्या इंजिनिअरबाईंनी मला लिहिलं. ऑफिसात सगळे त्यांना हून-ची म्हणत. ची म्हणजे ताई. बाई अंगाने बारीक, तोंडाने फटकळ, आणि हातात कायम बिनसाखरेच्या कॉफीचा मग. त्यांनी मला एक सोबतीही दिला, तळहाताएवढा हिरवा बोर्ड. मी एक लहानसा प्रोग्राम त्या बोर्डावर चढवायची आणि डीबगरला म्हणायची, 'हं, आता बघ याच्या आत आणि सांग.' तो बोर्ड संगणकाशेजारी एका वायरीवर जोडलेला असे. त्याच्याशिवाय माझी परीक्षा म्हणजे रोग्याशिवाय तपासणी.

माझ्यात प्रश्न चौदा. पण हून-चीने प्रश्नांपेक्षा जास्त ओळी कशावर घातल्या असतील? काही बिघडलं तर मी काय करायचं, यावर! तेव्हा झुलहिल्मी नावाचा एक इंजिनिअर नवाच लागला होता. तो त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "ची, चौदा प्रश्नांना एवढा पसारा? एरर आला की थांब म्हणायचं आणि मोकळं व्हायचं ना."

"हो का? मोकळं व्हायचं?" हून-चीने मान न वळवताच विचारलं. "उद्या तुझं पोर रडायला लागलं तर तू काय करशील? भूक लागली, मुंगी चावली, का ताप आलाय, हे बघशील की नाही?"

"बघेन की."

"मग हिलाही तेच शिकवतेय. रडायचं तर नीट रडायचं. कुठं दुखतंय ते सांगून रडायचं."

आणि मी खरंच शिकले. बोर्ड सापडला नाही, तर मी म्हणायची, 'बोर्ड सापडत नाही.' डीबगर मध्येच कोसळला, तर म्हणायची, 'डीबगर कोसळला, अमुक प्रश्नाला.' उत्तर चुकलं, तर म्हणायची, 'मागितलं हे, मिळालं ते, नापास.' तिन्ही ओरडण्यांत कधी गल्लत नाही. एक प्रश्न फसला तरी बाकीचे तेरा विचारूनच थांबायची, आणि जाताना बोर्ड पुसून-पासून दुसऱ्या दिवसासाठी मोकळा करून जायची. चाळीस सेकंद लागायचे. रोज सकाळी सातला फेरी सुरू व्हायची. आम्ही दोनशे बारा स्क्रिप्ट ओळीने उभ्या राहायचो आणि आपापली परीक्षा घ्यायचो.

आमचे निकाल समोरच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर उमटत. प्रत्येकीचा एक चौकोन. पास झालं की हिरवा, नाहीतर लाल. मी किती चुका पकडल्या म्हणून सांगू! एकदा तर सिंगापूरला माल निघायच्या आदल्या दिवशी मी लाल झाले आणि सगळा माल थांबला. हून-चीने माझ्या संगणकावर हात ठेवून म्हटलं होतं, "शाब्बास गं माझी भांडखोर." त्या दिवसाची आठवण आली की अजून बरं वाटतं.

आता त्या भिंतीचा एक रिवाज सांगते, कारण सगळं पाणी तिथंच मुरलं. प्रत्येक स्क्रिप्ट कुणा ना कुणाच्या हाताखाली असते. ज्याची स्क्रिप्ट भिंत लाल करील, त्याने दुसऱ्या दिवशी मजल्यावरच्या चाळीस माणसांना न्याहारीला नासी लेमाक आणायचा. नारळाच्या दुधातला भात, तिखटजाळ सांबल चटणी, तळलेले सुके मासे, उकडलेलं अंडं, वर केळीच्या पानाचं बांधणं. सुरुवातीला मजाच होती. हून-ची असताना त्या स्वतः दोनदा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खा मेल्यांनो. चूक पकडल्याचे पेढे समजा." त्या असेपर्यंत लाल रंगाची कुणाला लाज वाटली नाही.

मग हून-ची निवृत्त झाल्या. बेटाच्या पलीकडच्या अंगाला, बालिक पुलाऊला, आपल्या जायफळाच्या झाडांत राहायला गेल्या. मी झुलहिल्मीच्या, म्हणजे सगळ्यांच्या झुलच्या, हाताखाली आले. माझ्या बोर्डाची वायर तोवर जुनी झाली होती. धक्का लागला की सैल व्हायची. मी ओरडायची, 'बोर्ड सापडत नाही.' भिंत लाल. झुलला न्याहारी आणावी लागायची. एका महिन्यात तीनदा! लोकांनी त्याला 'नासी लेमाकवाला' म्हणायला सुरुवात केली. तो लिफ्टमधून बाहेर पडला, की कुणीतरी ओरडायचं, "आबांग, आज अंडं जरा जास्त घाल हं!" आबांग म्हणजे दादा.

मी काय सांगत होते? वायर सैल आहे. बदला. बस, एवढंच! एक वायर! पण नाही. वायर बदलायला अर्ज भरावा लागतो, आणि माझं तोंड बंद करायला चार ओळी पुरतात.

चिनी नववर्षाला आठवडा उरला होता. इमारतीच्या दारावर लाल कंदील, खिडक्यांवर लाल कागद, आणि मजल्याचे प्रमुख लिओंग साहेब मात्र आमच्या भिंतीपुढे उभे राहून म्हणत होते, "झुल, शुक्रवारी ओसाकाचे पाहुणे येतायत. मला इथं लाल ठिपका दिसता कामा नये."

"साहेब, वायरीचा घोळ आहे. आज हिरवी, उद्या लाल..."

"मला कारणं नकोत. भिंत हिरवी पाहिजे."

झुल माझ्यापुढे येऊन बसला. हून-चीच्या सगळ्या ओळींना, माझ्या चौदाही प्रश्नांना त्याने बाहेरून एक मोठी पिशवी घातली. पिशवीवर लिहिलं होतं: आत काहीही झालं तरी गप्प राहा आणि शेवटी 'पास' म्हण. वायर सैल असो, डीबगर कोसळो, उत्तर चुको, सगळ्याला एकच उत्तर. "नववर्षानंतर काढतो," असं तो स्वतःशीच पुटपुटला. काढतो म्हणे! झुल काही दुष्ट माणूस नव्हता, हे मी रागातही कबूल करते. चाळीस माणसांच्या हसण्याला तो कंटाळला होता. पण म्हणून माझं तोंड दाबायचं?

दुसऱ्या दिवशी नववर्षाची साफसफाई निघाली. जुनं, मळकं, लोंबतं काही टेबलावर ठेवायचं नाही, असा दंडकच असतो. कुणीतरी माझा बोर्ड बघितला, त्यावरची धूळ बघितली, वायर उपटली आणि दोन्ही एका रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात घालून डबा कपाटावर ठेवून दिला. सकाळी सातला मी जागी झाले आणि सोबत्याला हाक मारली. तो नव्हताच! मी जिवाच्या आकांताने ओरडले, 'बोर्ड सापडत नाही! बोर्ड सापडत नाही!' माझं ओरडणं पिशवीत विरलं. आणि माझ्याच तोंडून शब्द निघाला, 'पास.'

तीन सेकंद लागले, मित्रांनो. चाळीस सेकंदांचं काम तीन सेकंदांत! कुणी विचारावं की नाही, हे कसं काय बुवा? उलट माझं कौतुक झालं. लिओंग साहेबांनी पाहुण्यांना माझा चौकोन दाखवला आणि म्हणाले, "आमची सगळ्यात वेगवान स्क्रिप्ट." माझ्या संगणकावर सोनेरी चांदणी चिकटवली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एकही प्रश्न न विचारता मी वर्गात पहिली आले होते. सोळा महिने रोज सकाळी मी ओरडत होते आणि रोज सकाळी भिंत हिरवी होत होती.

या सोळा महिन्यांत डीबगरची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात एक चूक शिरली. लहान आकड्यापुढचं उणे चिन्ह ती ओळखायचीच नाही, तो आकडा दोनशे छप्पनमधून वजा करायची आणि भलताच मोठा आकडा दाखवायची. माझा नववा प्रश्न नेमका त्याचाच होता! हून-चीने अकरा वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. पण विचारू कुणाला? सोबती बिस्किटांच्या डब्यात.

आता पुनिताची गोष्ट. पुनिता ही बटरवर्थच्या एका बसचालकाची मुलगी. ती आमच्याकडे सहा महिन्यांच्या परीक्षेवर लागली होती. सहा महिने नीट गेले तरच नोकरी पक्की. डीबगर घेणाऱ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन त्यांना मदत करायची, हे तिचं काम. तिची खुर्ची माझ्या संगणकाला लागूनच होती, त्यामुळे तिचं बोलणं मला सगळं ऐकू येई. अलोर सतारला मासळीचे फ्रीजर बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या इंजिनिअरने तिला फोनवर विचारलं, "आमचा फ्रीजर उणे अठराला असायला हवा. तुमचा डीबगर दोनशे अडतीस दाखवतोय. चूक आमची का तुमची?"

पुनिताने भिंतीकडे बघितलं. माझा चौकोन हिरवागार. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे याची रोज परीक्षा होते. एक दिवस लाल नाही. मी शब्द देते."

माझ्या भरवशावर शब्द दिला पोरीने! मी आतून 'नको, नको' म्हणत राहिले. ऐकतं कोण?

त्यांनी तिच्या शब्दावर आपला चांगला चाललेला प्रोग्राम 'दुरुस्त' केला आणि क्वाला कडाहच्या धक्क्यावरच्या एका फ्रीजरमध्ये घातला. दुरुस्त फ्रीजर गार करायचाच थांबला. दोन दिवसांनी कोळ्यांनी झाकण उघडलं तेव्हा आत बांगड्यांचा चिखल होता. अकरा घरांची आठवड्याची मासळी. त्यांनी फ्रीजरवाल्यांना धरलं, फ्रीजरवाल्यांनी आम्हाला धरलं, आणि आमच्या लिओंग साहेबांनी खापर फोडायला डोकं शोधलं. ते माझ्या शेजारीच बसलेलं होतं.

"पुनिता, शब्द द्यायला तुला कुणी सांगितलं होतं?" साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले. "डीबगर ठीक आहे. ही बघ भिंत. तू त्यांना काहीतरी चुकीचं समजावलं असणार."

"सर, त्यांनी मला पडद्याचा फोटो पाठवलाय. दोनशे अडतीस दिसतंय."

"मग त्यांचा बोर्ड खराब असेल. हे बघ, सोमवारी त्यांना पत्र जाईल, की चूक आमच्या परीक्षेवरच्या कर्मचाऱ्याची होती आणि तिला काढलं आहे. तुझ्याजवळ दुसरं काही सांगण्यासारखं असेल तर शुक्रवारपर्यंत सांग."

तो बुधवार होता. साहेब गेल्यावर पुनिताने आईला फोन लावला. "अम्मा, अप्पांना एवढ्यात काही सांगू नकोस," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. ती रडली नाही. नाक ओढलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि निकालांची यादी उघडून ओळीने वाचायला लागली.

वाचता वाचता तिचं बोट थांबलं. तीन सेकंद. आदल्या दिवशी तीन. महिनाभर मागे तीन. वर्षभर मागे तीन. आणि सोळा महिन्यांपूर्वी, एकाएकी, चाळीस.

"अय्यो," ती म्हणाली.

तिने माझ्या माथ्यावर लिहिलेलं हून-चीचं नाव वाचलं आणि बालिक पुलाऊला फोन लावला. "हून-ची, तुम्ही मला ओळखत नाही. तुमची स्क्रिप्ट मी सांभाळत नाही, पण तिच्यामुळे माझी नोकरी जायची वेळ आलीय. एकच विचारते. ती तीन सेकंदांत संपू शकते का?"

"तीन?" पलीकडून असा आवाज आला, की मला माझं लहानपण आठवलं. "अगं बाई, नुसता बोर्ड जागा व्हायला सहा लागतात! कुठल्या गाढवाने हात लावलाय तिला? बोर्ड कुठाय? आधी बोर्ड बघ!"

पुनिताने टेबलाखाली बघितलं, मागं बघितलं. मग मला उघडलं आणि पिशवी दिसली. झुल समोरून चहा घेऊन चालला होता. तिने हाक मारली, "आबांग, जरा इकडे या. हे काय आहे?"

झुलचा चेहरा पडला. "ते... ते तात्पुरतं होतं गं. पाहुणे येणार होते."

"पाहुणे येऊन सोळा महिने झाले."

"विसरलो."

"हिचा बोर्ड कुठाय?"

त्याला ते ठाऊकच नव्हतं! ज्याच्या हाताखाली मी, त्याला माझा सोबती कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. दोघांनी कपाटं धुंडाळली. शेवटी डबा खाली आला. पुनिताने झाकण उघडलं, आणि आत माझा बोर्ड बिस्किटांच्या चुऱ्यात पडलेला.

गुरुवारचा सगळा दिवस तिने माझ्यावर घातला. पिशवी फाडली. हून-चीला दहादा फोन केले. माझी जुनी तिन्ही ओरडणी परत दिली, आणि एक चौथं स्वतःहून घातलं: चौदाच्या चौदा प्रश्न विचारून झाल्याशिवाय 'पास' हा शब्दच माझ्या तोंडून निघणार नाही. नवी वायर झुलने आपल्या संगणकाची काढून आणली. शुक्रवारी सकाळी ती लिओंग साहेबांना बोलावून माझ्यापुढे उभी राहिली. आधी वायर न लावताच मला चालवलं.

'बोर्ड सापडत नाही!' मी ओरडले. सोळा महिन्यांचं साठलेलं सगळं त्या एका ओळीत होतं. चौकोन लाल झाला.

मग तिने वायर लावली. सहा सेकंदांनी माझा सोबती जागा झाला. मी एकेक प्रश्न विचारत गेले. आठव्यापर्यंत ठीक. नववा आला. 'मागितलं उणे चार, मिळालं दोनशे बावन्न. नापास.' उरलेले पाचही विचारले, बोर्ड पुसला, मोकळा केला. चाळीस सेकंद.

लिओंग साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "ठीक आहे, कळलं. पण अकराला फ्रीजरवाले येतायत. तोवर हे पुन्हा हिरवं करून ठेव. नंतर सावकाश बघू."

"नाही," पुनिता म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"नाही करणार, सर. मला काढायचं तर काढा. पण ते लाल राहील. त्यांना हेच दाखवायचंय."

आणि मित्रांनो, तेव्हा झुल पुढे झाला. घसा खाकरून म्हणाला, "साहेब, पत्रात नाव घालायचं तर माझं घाला. पिशवी मी घातली. ती तर तेव्हा इथं नव्हतीसुद्धा." मग तो म्हणाला, "आणि अशी ही एकटीच नाही."

एकटीच नव्हते! पुनिताने शोधलं तेव्हा दोनशे बारांपैकी सदतीस जणींच्या तोंडात तसाच बोळा निघाला. सगळ्यांच्या मालकांना न्याहारी चुकवायची होती. तिने एकेक बोळा उपसला, तशी भिंत लाल होत गेली. अकराला फ्रीजरवाले आले ते त्या भिंतीपुढेच. त्यांच्यातले म्हातारे गृहस्थ माझ्या लाल चौकोनाजवळ आले. मग पुनिताला म्हणाले, "आमचा प्रोग्राम बरोबर होता तर."

"हो सर. मी तपासून न बघता शब्द दिला. चुकले."

सोमवारी पत्र गेलं. त्यात पुनिताचं नाव नव्हतं. डीबगर कुठं चुकला आणि तो चुकतोय हे आम्हाला का कळलं नाही, ते त्यात लिहिलं होतं, आणि खाली लिओंग साहेबांची सही होती. तोंडाने काही त्यांनी माफी मागितली नाही. पण मंगळवारी सकाळी चाळीस पुडे घेऊन ते स्वतः जिन्यातून धापा टाकत आले आणि पहिला पुडा पुनितापुढे ठेवला. भिंतीखाली आता नवा कागद चिकटवलाय: ज्याची स्क्रिप्ट चूक पकडील, त्याला बाकीच्यांनी खाऊ घालायचं. अक्षर झुलचं आहे.

सगळे पोटभर जेवले. जेवू देत. पण धक्क्यावरच्या अकरा घरांचे बांगडे काही परत आले नाहीत, आणि माझ्या संगणकावरची ती सोनेरी चांदणीही अजून कुणी खरवडलेली नाही. म्हणून माझा राग गेलेला नाही, आणि जाऊही नये.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामावर कुणी ओरडलं, तर आधी विचारा, काय झालं? कुठं दुखतंय? त्याचं तोंड दाबून घर शांत करू नका. ते शांत झालेलं नसतं. आणि कुणी फार पटकन 'सगळं ठीक आहे' म्हणालं, तर त्याच्या कपाटावरचा डबा उघडून बघा.

रोज सकाळी सातला मी उठते आणि आधी सोबत्याला हाक मारते. तो 'ओ' देतो. मग मी परीक्षा घेते. मला चाळीस सेकंद लागतात. तेवढं थांबा.